पाण्याखालचे भय आणि समर्थांचा समास

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण सीमेला गोदावरीचे पात्र आहे, पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो, आणि उसाच्या व मोसंबीच्या मळ्यांतील विहिरी व शेततळी सोडली तर यापलीकडे मोठे पाणी म्हणून पाहुण्यास दाखवावे असे या भागात काही नाही. समुद्र येथून शेकडो मैल दूर. ज्या घरातून कोणी तो पाहिला असेल त्याने तो बहुधा घरच्या दुखणाइताला मुंबईच्या इस्पितळात नेले असता, एखाद्या संध्याकाळच्या मोकळ्या तासाभरात पाहिलेला असतो. असे असूनही शार्क माशाने माणसास पाण्याखाली ओढून नेल्याचे परदेशी चित्रपट या मुलखात आवडीने पाहिले जातात. पूर्वी गल्लीत वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर ते पाहिले जात, पुढे हिंदी संवाद बसवून ते दूरचित्रवाणीवर येऊ लागले, आणि आता ते ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाइलवर आहेत. ज्या प्राण्याची आणि आपली गाठ साऱ्या जन्मात पडण्याचा संभव नाही त्याचे भय माणूस आपण होऊन का मागून घेतो, आणि ते घेताना त्याच्या ठिकाणी जी तल्लीनता उत्पन्न होते ती धर्मदृष्टीने कोणत्या जातीची समजावी, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही; आणि ज्या तालुक्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला त्या तालुक्यात बसून तो विचारण्यात काही औचित्यभंग होतो असेही वाटत नाही.

या चित्रपटांचे मूळ पीठ म्हणजे २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'जॉज'. पीटर बेंचली यांच्या १९७४ सालच्या कादंबरीवरून तिशीही न ओलांडलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो काढला. ॲमिटी नावाच्या एका बेटावर, जेथील रहिवाशांची वर्षाची बेगमी उन्हाळ्यात स्नानाला येणाऱ्या लोकांच्या पैशावर होते, एका तरुणीचा समुद्रात बळी जातो. गावचा पोलीस अधिकारी किनारा बंद करण्याचा हुकूम काढू पाहतो, नगराध्यक्ष हंगाम बुडेल म्हणून तो काढू देत नाही, आणखी माणसे मरतात, आणि अखेरीस तिघेजण होडी घेऊन त्या माशाच्या मागावर निघतात. या चित्रपटासाठी तयार केलेला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडे, त्यामुळे दिग्दर्शकास तो दाखविण्याऐवजी सुचवावा लागला. पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे, खालून दिसणारे पोहणाऱ्यांचे पाय आणि जॉन विल्यम्स यांनी दोन स्वरांच्या आवर्तनातून उभे केलेले संगीत यांच्या आधारावर चित्रपटाचा एक तासाहून अधिक काळ निघून जातो, आणि त्यानंतर मासा पुरता दृष्टीस पडतो. निर्गुणाकडून सगुणाकडे येण्याचा हा क्रम यंत्राच्या नादुरुस्तीने घडून आला खरा, परंतु तो इतका यथायोग्य ठरला की पुढे 'ओपन वॉटर' आणि 'द शॅलोज' यांसारख्या चित्रपटांनी तो बुद्ध्या पत्करला. आपल्याकडे धर्मेंद्र आणि हेमा मालिनी यांचा 'आतंक' हा हिंदी चित्रपट याच धर्तीवर निघाला. तो बरीच वर्षे रखडून १९९६ साली पडद्यावर आला.

आता या भयाला वस्तुस्थितीचा आधार किती, तेही पाहिले पाहिजे. साऱ्या जगात मिळून शार्कने आपण होऊन माणसास चावल्याचे प्रकार वर्षाकाठी साठसत्तर घडतात आणि त्यांत सरासरी पाचसहा माणसे दगावतात. महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत, एका तरुणाच्या पायाचा लचका शार्कने तोडला, तेव्हा ती बातमी सर्वत्र झाली, कारण तसे सहसा घडत नाही. उलटपक्षी सर्पदंशाने आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि ती बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. घनसावंगीच्या शिवारात पहाटे ऊस तोडताना किंवा रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला गेले असता बांधावर ज्याला पान लागते, त्याच्या वारसांना पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबाराचा उतारा आणि वारसाची नोंद एवढी कागदपत्रे घेऊन मदतीसाठी सरकारी कचेरीची पायरी चढावी लागते. मरण येथे पायाशी आहे, आणि भय मात्र सातासमुद्रांपलीकडच्या माशाचे वाटते. ही विसंगती समजून घेणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

साहित्यशास्त्र यावर काही प्रकाश टाकते. भरतमुनींनी नऊ नव्हे, आठच रस मानले, पण त्यांत भयानकाला स्थान दिले. त्याचा वर्ण कृष्ण आणि त्याची देवता काल असे सांगितले. अभिनवगुप्तांनी भयानकाचे उदाहरण म्हणून कालिदासाच्या 'शाकुंतला'तील, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून पाहत धावणारे हरिण घेतले, आणि असे दाखवून दिले की तेथे प्रेक्षकाला जाणवणारे भय हरिणाचेही नसते आणि त्याचे स्वतःचेही नसते. देशकालाच्या सर्व उपाधी गळून निव्वळ भय तेवढे आस्वादाला येते. आपल्या भाषेत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनात सविकल्प समाधीचा जो सिद्धांत मांडला, की रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो पण आपली भूमिका सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, तो या चित्रपटांना जितका तंतोतंत लागू पडतो तितका क्वचितच इतरत्र पडत असेल. घनसावंगीच्या बसस्थानकावर कुंभार पिंपळगावच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलास असा चित्रपट पाहताना मी शेजारून पाहिले आहे. पडद्यावर पोहणाऱ्या मुलीचे पाय खालच्या अंधारातून दिसू लागले, तसे त्याने बाकावरून खाली सोडलेले आपले पाय नकळत वर घेतले आणि मांडी घातली. खाली फरशी होती, कोणी टाकलेले शेंगांचे टरफल होते, पाणी नव्हते. त्याच क्षणी वाहकाने कुठल्याशा गाडीची आरोळी दिली ती मात्र त्याने बरोबर ऐकली, आपली गाडी नव्हे एवढे ठरविले, आणि पुन्हा तो पाण्यात गेला.

तथापि रसचर्चेने भयाचा आनंद कसा होतो हे कळते. मासाच का, हे कळत नाही. वाघाचे, सिंहाचे, लांडग्याचे चित्रपट निघाले आणि विस्मृतीत गेले. शार्कचे चित्रपट पन्नास वर्षे झाली तरी निघतच आहेत, त्यांतले पुष्कळसे सामान्य प्रतीचे असतात, आणि तेही पाहिले जातात. या टिकाऊपणाचे कारण मला समर्थांच्या दासबोधात सापडते.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी मनुष्याच्या दुःखाचे एक मोठे दप्तर उघडले आहे. गर्भवासापासून आरंभ करून, संसाराची सगळी ओढाताण वर्णून, सहाव्या, सातव्या आणि आठव्या समासांत ते तीन ताप सांगतात. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्यापासून जो उपजतो तो आध्यात्मिक. यात रोग येतात, आतल्या आत पोखरणाऱ्या व्यथा येतात. इतर भूतांच्या संयोगाने जो होतो तो आधिभौतिक. आणि शुभाशुभ कर्मांची फळे म्हणून देहांतानंतर जी यमयातना भोगावी लागते तो आधिदैविक. आधिभौतिकाचा समास वाचताना वाचकाला धाप लागते, इतकी त्यातली यादी लांब आहे. काटा मोडणे, ठेच लागणे, विंचू, साप, वाघ, चोर, आग, भिंत अंगावर कोसळणे, आणि याच ओघात पाण्यातल्या जीवाने ओढून नेणे. गोदेच्या खोऱ्यात वाढलेल्या, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे नदीच्या पाण्यात उभे राहून जप केलेल्या पुरुषाने ते एक कलम त्या यादीत घातले आहे, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पाण्यात कमरेइतके उभे राहिल्यावर खालचे अर्धे शरीर आपल्या नजरेच्या ताब्यात राहत नाही, ही गोष्ट ज्याने वर्षानुवर्षे अनुभवली त्याला जलचराचे भय पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

आता या तीन तापांत एक भेद आहे, जो समर्थांनी वेगळा काढून सांगितला नसला तरी त्यांच्या मांडणीत स्पष्ट दिसतो. आधिभौतिक ताप तेवढा बाहेरून येतो. त्याला आकार असतो, दात असतात, येण्याची दिशा असते, आणि म्हणून त्याच्यापासून पळता येते, त्याच्यावर शस्त्र धरता येते. आध्यात्मिक तापाला तोंड नाही. तपासणीच्या कागदावर कर्करोगाचे नाव लिहून आले म्हणजे माणूस तो कागद उलटसुलट करून पाहतो, पण ज्याने आपल्याला धरले तो त्यात कोठेच दिसत नाही. जून कोरडा जातो, जुलै कोरडा जातो, सोसायटीचे कर्ज थकते, सावकाराचे व्याज चढते, मोसंबीची झाडे उभ्याउभ्या वाळतात. या सगळ्याने माणूस मरतो, परंतु कशाने मेला हे बोट दाखवून सांगता येत नाही. आधिदैविकाची गोष्ट तर दूरच. ते कोणी पाहून परत आलेले नाही. माणसाच्या मनाला हे निराकार भय सहन होत नाही, आणि म्हणून ते पहिल्या आणि तिसऱ्या तापाचे भाषांतर दुसऱ्यात करते. शार्कचा चित्रपट हे असे भाषांतर आहे. ज्याला तोंड नव्हते त्याला तेथे निव्वळ तोंडच मिळते. जे कधी आणि कोठून येईल हे ठाऊक नव्हते त्याच्या आगमनाची वर्दी दोन स्वरांनी दिली जाते. आणि जे अटळ होते त्याच्याशी झुंजण्यासाठी तीन माणसे, एक होडी आणि एक बंदूक दिली जाते. वाघाने हे काम इतके चांगले होत नाही, कारण वाघाच्या डोळ्यांत राग दिसतो, भूक दिसते, म्हणजे त्याचे आपल्याशी काही नाते दिसते. शार्कच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. जो प्रकार चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रात नांदतो आहे, झाडे उगवण्याच्या आधीपासून आहे, त्याला माणसाशी वैर करण्याइतकीही माणसाची ओळख नाही. आणि मृत्यूविषयी आपल्याला जे सर्वांत अधिक बोचते ते हेच, की त्याला आपले नाव ठाऊक नसते. तिसऱ्या दशकाच्या नवव्या समासात समर्थ मृत्यू कोणाकोणाची भीड धरीत नाही याची गणती करतात, तेव्हा त्यातून हाच चेहरा दिसतो.

या भाषांतराचा एक मोठा पुरावा 'जॉज'मध्येच आहे. होडीवरचा जुना कोळी, क्विंट, रात्री दिव्याच्या उजेडात आपल्या तरुणपणीची एक हकिकत सांगतो, आणि ती हकिकत ऐतिहासिक आहे. 'इंडियानापोलिस' या अमेरिकन युद्धनौकेने हिरोशिमावर पडलेल्या अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोचते केले, आणि पुढे ग्वामहून फिलिपिन्समधील लेटेकडे जात असता, ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर, जपानी पाणबुडीच्या माऱ्याने ती बारा मिनिटांत बुडाली. नौकेवर ११९५ माणसे होती. त्यांपैकी सुमारे तीनशे नौकेबरोबर गेली, उरलेली पाण्यात तरंगत राहिली, आणि जिवंत हाती लागली ती ३१६. क्विंटच्या सांगण्याचा रोख असा की मधली सगळी शार्कने नेली. प्रत्यक्षात काय घडले? शार्क आले हे खरे, त्यांनी माणसे नेली हेही खरे. परंतु बहुसंख्य खलाशी जखमांनी, उन्हाने, तहानेने आणि तहान न सोसून खारे पाणी प्यायल्याने आलेल्या भ्रमाने मेले, आणि ते चार दिवस पाण्यात राहिले याचे कारण असे की नौका ठरल्या दिवशी बंदरात पोचली नाही ही गोष्ट आरमाराच्या कोणत्याही कचेरीने मनावर घेतली नाही. एका गस्तीच्या विमानाला ते योगायोगाने दिसले. म्हणजे येथे मारणारे तिघे होते: युद्ध, हलगर्जी आणि तहान, आणि तिघांनाही तोंड नव्हते. कथेने ती तिन्ही मरणे एका जबड्यात नेऊन ठेवली. मला हे खोटेपण वाटत नाही. शेकडो माणसांना दप्तराच्या विसराळूपणाने मारले ही गोष्ट मनाला उचलवत नाही, आणि जे उचलवत नाही त्याला मूठ बसवून घेणे हा कथेचा धर्मच आहे. पण त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की जबडा दिसू लागला की कचेरी दिसेनाशी होते. ॲमिटीच्या नगराध्यक्षाने किनारा खुला ठेवून जे केले त्याचा जाब शेवटी कोणी विचारीत नाही. मासा मेला की पंचनामा पुरा होतो.

हे लक्षात आले म्हणजे सापाचा प्रश्नही उलगडतो. आपल्या शिवारात जो खरोखर मारतो त्याच्यावर आपण या जातीचे चित्रपट काढीत नाही, कारण त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार ठरून गेलेला आहे. नागपंचमीला नांगर धरू नये, विळीने चिरू नये, चुलीवर तवा चढवू नये, भिंतीवर वा पाटावर नाग काढून दूधलाह्यांचा नैवेद्य दाखवावा. बायका त्याला भाऊ मानून उपास धरतात. चित्रपटात तो आला तरी सूड घेणारा, कोणाचे तरी पूर्वीचे देणे लागणारा असा येतो; त्याला गतजन्म असतो. भयाला नाते जोडले की त्याचा उत्सव होतो. कोकणातही हेच. जो मासा घनसावंगीच्या मुलाला मांडी घालायला लावतो त्याच्या लहान भाऊबंदांना तेथे मोरी आणि मुशी म्हणतात, ती बाजारात वाट्याने विकली जाते, तिच्या सागोतीची तारीफ होते, आणि समुद्राला नारळ वाहून होडी लोटणाऱ्या कोळ्याला पाण्यात काय काय आहे याची खबर असते. शार्कच्या चित्रपटाचे खरे घर जेथे हे नाते नाही तेथे आहे, मग तो सुटीपुरता समुद्रावर जाणारा अमेरिकन असो की कालव्याच्या काठचा मराठवाडी.

आणि तरीही, नाते जोडण्याची वाट आपल्याकडे या प्रसंगासाठी देखील घालून ठेवलेली होती. पाण्यातल्या जबड्याने पाय धरण्याची थोर कथा म्हणजे भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्ष. समर्थांनी मनाच्या श्लोकांत, देव भक्ताची उपेक्षा करीत नाही हे पटविताना, संकटात वाट पाहणाऱ्या गजेंद्राला आणि त्याच्यासाठी धावलेल्या हरीला आठवले आहे, आणि ते श्लोक लहानपणी पाठ न केलेले घर या भागात जुन्या पिढीत विरळाच सापडेल. क्षीरसागराने वेढलेल्या त्रिकूट पर्वतावरील सरोवरात कळपासह पाण्याला उतरलेल्या गजराजाचा पाय ग्राह धरतो. कळपातले हत्ती ओढून पाहतात, उपयोग होत नाही. हजार वर्षे झुंज चालते, आणि जो जमिनीचा आहे त्याचे बळ पाण्यात ओसरत जाते, जो पाण्याचा आहे त्याचे वाढत जाते. चित्रपटकारांना ही एक युक्ती कळली नाही असे म्हणता येणार नाही. त्यांचे सगळे कौशल्य माणसाला त्याच्या तत्त्वातून उचलून परक्या तत्त्वात ठेवण्यातच आहे.

रामनवमीच्या उत्सवात, जो जांबेस रामजन्माचा तसाच समर्थजन्माचाही सोहळा असतो, कारण शके १५३० मध्ये समर्थ त्याच तिथीला जन्मले, उत्तररंगाला हे आख्यान लावलेले मी ऐकले आहे. बुवा वयस्कर होते. ग्राहाने पाय धरल्याचे पद आले तेव्हा त्यांनी चिपळ्या थांबविल्या, खाली वाकून आपल्याच उजव्या हाताने आपला डावा घोटा घट्ट धरला, आणि तसेच वाकलेले राहून, एका पायावर तोल सांभाळीत, मान वर करून पुढचा चरण म्हटला. पखवाज बंद होता. पुढे बसलेली मुले आपापल्या पायांकडे पाहू लागली. धरणारा हात आणि धरलेला पाय एकाच माणसाचा, ही गोष्ट बुवांनी शब्दांनी सांगितली नाही आणि सांगण्याची जरूरही नव्हती. आध्यात्मिक ताप आधिभौतिकाच्या रूपात दाखवायचा, आणि दाखविताना ते रूप कोणाचे आहे हेही झाकायचे नाही, असे दुहेरी काम त्या एका मुद्रेने झाले. इतक्या साधनांनिशी काढलेल्या चित्रपटांतून मला ते अद्याप मिळालेले नाही.

त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. गरुडावरून आलेला हरी गजेंद्राला पाण्याबाहेर ओढतो तेव्हा ग्राहासकट ओढतो; भागवतकारांनी हे मुद्दाम नोंदविले आहे. चक्राने ग्राहाचे तोंड फाटते, आणि मग कथेत आधी मुक्ती सांगितली आहे ती गजेंद्राची नव्हे, ग्राहाची. तो हूहू नावाचा गंधर्व होता, देवल ऋषींच्या शापाने जलचर झालेला; तो दिव्य देह धारण करून, स्तवन करून, आपल्या लोकी जातो, आणि त्यानंतर पूर्वजन्मीचा इंद्रद्युम्न राजा असलेल्या गजेंद्राची पाळी येते. शाप कशाने झाला? आख्यानपरंपरा सांगते की जलक्रीडा करीत असता हूहूने स्नानाला उतरलेल्या ऋषींचा पाय गंमत म्हणून पाण्याखालून ओढला. 'जॉज'मध्ये, भर सणाच्या दिवशी, दोन पोरे पुठ्ठ्याचा त्रिकोणी पर डोक्यावर धरून पाण्याखालून येतात आणि सारा किनारा पळता भुई थोडी करून सोडतात. दोन्हीकडे तीच थट्टा; परंतु पुराणात थट्टा करणाराच ग्राह होतो, म्हणजे भय दाखविणारा आणि भयरूप झालेला यांच्यामध्ये कर्माचा धागा राहतो, आणि चित्रपटात पोरांना रागावून घरी धाडले जाते व खरा मासा दुसरीकडून येतो. धागा तेथे तुटतो. मग त्या माशाचे काय करायचे? त्याला ना गतजन्म, ना शाप, ना उःशाप. त्याला मारण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

याचा परिणाम पडद्यावरच राहिला असता तर तक्रार नव्हती. परंतु १९७५ नंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारून त्यांच्यासोबत छायाचित्रे काढून घेण्याची हौस वाढीस लागली, आणि कालवणासारख्या सुपासाठी कापलेल्या परांपासून जाळ्यात विनाकारण अडकलेल्या माशांपर्यंत सगळे मिळून वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क माणसाच्या हातून मरतात असा २०१३ च्या एका शास्त्रीय गणनेचा निष्कर्ष आहे. पाचसहांच्या बदल्यात दहा कोटी. बेंचली यांच्या मनाला ही गोष्ट लागली. आपण समुद्राविषयी आता जे जाणतो ते जाणून ती कादंबरी लिहिता आली नसती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, आणि २००६ साली निधन होईपर्यंत ते शार्कच्या बाजूचे वकालतनामे लिहीत, व्याख्याने देत, त्यांच्यासोबत पाण्यात उतरत राहिले. त्यांना हूहूची कथा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आपल्या हातून निर्माण झालेल्या ग्राहाची सोडवणूक केल्याखेरीज आपली सुटका नाही, हे त्यांना स्वतंत्रपणे उमगले, आणि त्यांच्या चरित्राचा हा उत्तरार्ध मला त्यांच्या कादंबरीपेक्षा मोठा वाटतो.

धर्मनिष्ठ माणसाने या चित्रपटांना तुच्छ लेखावे काय? मला तसे वाटत नाही. बृहदारण्यकात प्रथम एकटा असलेल्या आत्म्याची जी कथा आहे तीत तो आधी भ्यायला. मग आपल्यावाचून दुसरे काहीच नाही तर भ्यायचे कोणाला, असे मनाशी म्हणताच त्याचे भय गेले, कारण भय दुसऱ्यापासून होते. हा भाग वेदान्ती मंडळी नेहमी सांगतात. परंतु त्याला लागूनच उपनिषद असेही सांगते की त्याला एकट्याला रमेना, आणि त्याने दुसऱ्याची इच्छा केली. म्हणजे ज्या दुसऱ्यापासून भय उपजते त्याच दुसऱ्यावाचून आनंदही नाही. अंधाऱ्या पाण्यात आपल्याखेरीज कोणी तरी आहे, या एका जाणिवेत काळीज धडधडते आणि डोळेही पडद्याला खिळतात, याचे मूळ येथवर जाते. त्या ओढीत पाप नाही. जो भय मागतो तो निदान जागा आहे; ज्याला कशाचेच भय वाटत नाही आणि कशाची ओढही नाही, त्याच्यापाशी कोणता उपदेश पोचायचा? समर्थांनी सुद्धा वैराग्याचा समास मृत्यूच्या समासानंतर ठेवला, आधी नव्हे.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान आपल्या विभूती सांगतात तेव्हा शस्त्रधारकांत मी राम आणि जलचरांत मी मकर, अशी दोन्ही वचने एकाच श्लोकात येतात. जांबेच्या देवळातला कोदंडधारी आणि पाण्यातला जबडा यांना एका श्लोकात, एकाच वक्त्याने, आपली रूपे म्हणून सांगावे, हे पचविणे सोपे नाही. पुढच्या अध्यायात अर्जुनाला ते पचले नाहीच. त्याने आपण होऊन विश्वरूप पाहण्याची इच्छा केली होती, जशी कोणी चित्रपटाची करतो. ज्ञानेश्वरांनी अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आल्याचे सांगून श्रोत्यांना सावध केले आहे, पण त्या पाहुण्यामागून भयानकही आत येतो. विक्राळ दाढांची मुखे, त्यांत वेगाने शिरणारे वीर, दातांच्या फटींत अडकलेली मस्तके: हे पाहून अर्जुन थरथर कापतो, दिशा विसरतो, आणि मग एक गोष्ट करतो जी या पन्नास वर्षांतल्या कोणत्याही चित्रपटातील कोणत्याही पात्राने केलेली नाही. तो त्या जबड्याला नमस्कार करून विचारतो, की तू कोण आहेस. उत्तर येते की मी काल आहे, आणि भरतमुनींनी भयानकाची देवता म्हणून ज्याचे नाव लिहून ठेवले तोच तो. ते उत्तर ऐकल्यावरच अर्जुनाला सौम्य रूप मागण्याची बुद्धी होते आणि ते त्याला मिळते. ॲमिटीच्या पोलीस अधिकाऱ्याने माशाच्या तोंडात अडकलेल्या हवेच्या नळकांड्यावर गोळी झाडली, मासा फुटला, पाणी लाल झाले, प्रेक्षक टाळ्या वाजवीत घरी गेले, आणि तीन वर्षांनी, १९७८ साली, त्याच बेटाच्या पाण्यात दुसरा पर दिसू लागला.